शेजार आणि मुलांची सुरक्षितता : कोलकात्याच्या वस्त्यांच्या संदर्भात

मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा विचार करू लागताच आपली दृष्टी प्रथम मुलाच्या घराकडे वळते. बाप व्यसनी आहे काय, आई तापट आहे काय, घरात सावत्रपणा आहे काय, मिळकत किती, खाणारी तोंडे किती, असे प्रश्न आपण विचारतो. हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु ते अपुरे आहेत. घराला दार असते, दारापुढे ओटा असतो, ओट्यापुढे गल्ली असते आणि त्या गल्लीत माणसे असतात. मूल रडले तर तो आवाज त्या माणसांच्या कानी पडतो की नाही, पडला तर ती उठतात की नाही, आणि उठली तर त्यांच्या शब्दाला किंमत असते की नाही, यांवरही त्या मुलाचे बरेवाईट अवलंबून असते. प्रस्तुत प्रकरणात आपण शेजाराच्या या अंगाचा विचार करणार आहोत. विचारासाठी कोलकाता हे शहर घेतले आहे. कारण तेथील वस्तीजीवनाची माहिती दीर्घकाळ गोळा होत आली आहे आणि तेथील प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा करणे आवश्यक आहे. 'अत्याचार' या शब्दात येथे चार गोष्टींचा समावेश केला आहे : शारीरिक मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि हेळसांड. यांपैकी हेळसांड ही सर्वांत कमी डोळ्यांवर येणारी. तिच्यात कोणी काही केलेले नसते. करायला हवे होते ते केलेले नसते. दुसरा शब्द 'जोखीम'. जोखीम म्हणजे निश्चिती नव्हे. एखाद्या वस्तीत जोखीम अधिक आहे, याचा अर्थ तेथील प्रत्येक आईबाप मुलांचा छळ करतात असा मुळीच होत नाही. हा भेद विसरला गेल्यामुळे या विषयाच्या अभ्यासाने गरिबांचे जितके भले केले तितकेच काही वेळा त्यांचे नुकसानही केले आहे.

रुग्णालयातून गल्लीकडे

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा प्रारंभ रुग्णालयात झाला. अमेरिकेतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागविली होती आणि तीतून मारहाण झालेल्या ३०२ मुलांची प्रकरणे पुढे आली. क्ष-किरण चित्रांत दिसणारी हाडांची मोडतोड आणि आईबापांनी सांगितलेली अपघाताची कथा यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. या लेखामुळे डॉक्टरांचे डोळे उघडले. मात्र त्यात एक मर्यादाही होती. रुग्णालयात मूल येते ते एकटे, किंवा फार तर आईबापांबरोबर. त्याची गल्ली त्याच्याबरोबर येत नाही. साहजिकच आईबापांच्या मनात काय बिघडले आहे, याचाच शोध प्रथम सुरू झाला.

गल्लीचा विचार दुसऱ्या एका परंपरेतून आला. शिकागो शहरातील बालगुन्हेगारीचा अभ्यास करणारे क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी १९४२ साली असे दाखविले होते, की शहराच्या काही भागांत राहणारे लोक बदलत गेले, एका देशातून आलेल्यांची जागा दुसऱ्या देशातून आलेल्यांनी घेतली, तरी त्या भागांतील बालगुन्हेगारीचे प्रमाण चढेच राहिले. अर्थात केवळ माणसांच्या जातीकुळीत त्याचे मूळ शोधून भागणार नव्हते. जागेचाही विचार करावा लागणार होता. पुढे १९७९ साली युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी बालविकासाचा एक व्यापक सिद्धान्त मांडला. मुलाभोवतीची परिस्थिती ही एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांसारखी आहे, असे त्यांनी म्हटले. सर्वांत आत घर, त्याबाहेर शाळा व शेजार, त्याबाहेर आईबापांचे कामाचे ठिकाण, आणि सर्वांबाहेर कायदा, अर्थव्यवस्था व लोकरीती.

या दोन्ही विचारांचा मुलांवरील अत्याचारांच्या अभ्यासाशी सांधा जोडला तो जेम्स गार्बारिनो यांनी. त्यांनी व डेबोरा शेरमन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अमेरिकेतील ओमाहा शहराचा आहे आणि त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी त्या शहरातील दोन भाग निवडले. उत्पन्नाच्या दृष्टीने ते जवळपास सारखे होते. परंतु मुलांवरील अत्याचारांच्या नोंदींचे प्रमाण एका भागात अपेक्षेहून अधिक आणि दुसऱ्यात अपेक्षेहून कमी होते. दारिद्र्य सारखे असताना हा फरक का, हा प्रश्न त्यांनी केवळ कुटुंबांना विचारला नाही. टपाल वाटणारे, शाळांचे मुख्याध्यापक, घरोघर फिरणाऱ्या परिचारिका, अशा त्या भागाला ओळखणाऱ्या लोकांनाही त्यांनी तो विचारला. निष्कर्ष असा निघाला, की अधिक जोखमीच्या भागात कुटुंबे एकमेकांपासून तुटलेली होती. प्रत्येक घर आपल्याच अडचणींनी इतके ओढलेले होते की शेजाऱ्याला देण्याजोगे कोणाकडे काही उरले नव्हते, आणि मागायलाही संकोच वाटत होता. दुसऱ्या भागात मुले शाळेतून परतली की घरी कोणीतरी असे आणि शेजाऱ्यांत देवघेव चाले. पैशाच्या दारिद्र्याहून निराळे असे एक संबंधांचे दारिद्र्य असते, हा या अभ्यासाचा गाभा होय.

१९९५ साली क्लॉडिया कोल्टन, जिल कॉर्बिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लीव्हलंड शहराच्या १७७ गणना-विभागांचा अभ्यास करून या विचाराला आकड्यांचा आधार दिला. दारिद्र्याबरोबरच त्यांनी आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. पहिली, लोकांची सततची ये-जा. जेथे भाडेकरू टिकत नाहीत तेथे ओळखीही टिकत नाहीत. दुसरी, बालसंगोपनाचा भार; म्हणजे मुलांच्या मानाने त्यांच्याकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसांची संख्या किती, वृद्ध माणसे किती, पुरुष किती. एका आजीच्या नजरेखाली दहा मुले खेळतात की चाळीस, हा प्रश्न शास्त्रीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी दाखविले.

कोलकात्याची बस्ती आणि पाडा

आता हे प्रश्न घेऊन कोलकात्याकडे वळू. (२००१ सालापर्यंत या शहराचे अधिकृत इंग्रजी नाव कलकत्ता असेच होते.) २०११ च्या जनगणनेनुसार कोलकाता महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ४५ लक्ष लोक राहत होते आणि त्यांपैकी सुमारे १४ लक्ष, म्हणजे दर तिघांत जवळपास एक, झोपडवस्तीत राहत होता. दर चौरस किलोमीटरला २४,००० च्या आसपास माणसे, अशी या शहराची दाटी होती.

तेथील 'बस्ती' हा शब्द मराठी वाचकाने जपून वाचावयास हवा. आपल्याकडील 'झोपडपट्टी' म्हणजे पुष्कळदा अनधिकृत वसाहत. कोलकात्याची बस्ती ही मात्र कायद्याने मान्य केलेली एक जुनी व्यवस्था आहे. जमीन एकाची, ती ठरावीक खंडाने घेऊन तिच्यावर मातीच्या, विटांच्या, कौलारू झोपड्या बांधणारा 'ठिका' कूळ दुसरा, आणि त्या झोपडीतील एकेक खोली भाड्याने घेऊन राहणारा तिसरा, अशी ही तीन पदरी रचना होती. १९४९ च्या कायद्याने ठिका कुळांना संरक्षण मिळाले. १९८१ च्या कायद्याने अशा जमिनी सरकारने आपल्याकडे घेतल्या. अशा बस्तीत मधोमध अंगण, भोवती खोल्या, खोलीखोलीत एकेक बिऱ्हाड, आणि नळ व संडास सर्वांत सामाईक, अशी मांडणी सामान्यतः आढळते. गिरगावातील चाळ ज्याने पाहिली आहे त्याला ही मांडणी उमजण्यास वेळ लागणार नाही. याखेरीज रेल्वेरुळांलगत, कालव्यांच्या काठी आणि पदपथांवर राहणारे लोक आहेत. कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती बस्तीतील भाडेकरूहून कितीतरी कच्ची असते.

दुसरा शब्द 'पाडा'. मराठीत पाडा म्हणजे गावाबाहेरची लहान वस्ती. बंगालीत मात्र पाडा म्हणजे शहरातील आळी किंवा मोहल्ला. तेथे वर्गणी काढून दुर्गापूजा करणारा तरुणांचा क्लब असतो, घरापुढच्या 'रोवाका'वर, म्हणजे ओट्यावर, संध्याकाळी गप्पा रंगतात, आणि कोणाचा मुलगा कोणाबरोबर फिरतो याची सर्वांना खबर असते. मानवशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या शहराची प्रभागनिहाय सामाजिक पाहणी करविली. ती १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भिन्न भाषा, जाती व व्यवसाय यांचे लोक शहरात सरमिसळ न होता आपापल्या भागांत एकवटून राहिले आहेत, असे त्यांनी नकाशांनिशी दाखविले. पोटाचा उद्योग दुर्मीळ असलेल्या शहरात माणूस आपल्या माणसांना धरून राहतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. म्हणजे संबंधांचे जाळे ही येथे केवळ हौसेची बाब नव्हती. ते जगण्याचे साधन होते.

सारख्या दारिद्र्याच्या दोन वस्त्या

ओमाहाच्या अभ्यासाचा प्रश्न कोलकात्यात कसा विचारता येईल? समजुतीसाठी दोन वस्त्या डोळ्यांसमोर आणू. दोन्हींतील बायका घरकामाला जातात, पुरुष रिक्षा ओढतात किंवा हमाली करतात. मिळकत सारखी, खोलीचा आकारही सारखाच. पहिली वस्ती दोन पिढ्यांची जुनी. तिच्या अंगणात दुपारी दोन म्हाताऱ्या बसलेल्या असतात, कोपऱ्यावर अंगणवाडी आहे, क्लबच्या खोलीत संध्याकाळी दिवा असतो. दुसरी वस्ती कालव्याच्या काठची. तेथील अर्धी बिऱ्हाडे गेल्या दोन वर्षांत आली आहेत आणि उद्या उठावे लागेल ही धास्ती सर्वांना आहे. नळ दूर असल्यामुळे थोरली मुलगी पाण्याच्या रांगेत उभी आहे आणि धाकटे मूल खोलीत कोंडलेले आहे. आई दोन्ही ठिकाणी सारखीच दमून घरी येते. पहिल्या ठिकाणी तिने हात उगारला तर एखादी म्हातारी दटावते, मूल उचलून आपल्याकडे नेते आणि त्या आईला श्वास घेण्यापुरता वेळ मिळतो. दुसऱ्या ठिकाणी तो हात अडविणारे कोणी नसते. मायेत फरक नाही. फरक आहे तो त्या आईच्या मागे कोण उभे आहे यात.

हे उदाहरण कल्पनेतील असले तरी त्यातील घटक कल्पनेतील नाहीत. राज्यशास्त्रज्ञ पार्थ चॅटर्जी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दक्षिण कोलकात्यातील गोविंदपूर रेल कॉलनीचे वर्णन केले आहे. रेल्वेच्या जमिनीवर १९४० च्या दशकापासून वाढत गेलेली ही वसाहत. कायद्याने तिला तेथे राहण्याचा अधिकार नव्हता. तरी १९८३ साली तेथील रहिवाशांनी जनकल्याण समिती स्थापन केली आणि तिच्याद्वारे सरकारी खात्यांशी व्यवहार चालविला. ही वस्ती म्हणजे एकच कुटुंब आहे, अशा भाषेत तेथील लोक आपल्या एकीचे वर्णन करीत. रक्ताचे वा जातीचे नाते नसलेली माणसे एका संकटामुळे परस्परांची कशी होतात, हे यावरून दिसते. आणि संबंधांचे दारिद्र्य हे पैशाच्या दारिद्र्याबरोबर आपोआप येत नाही, हेही दिसते.

उलट दिशेचे उदाहरणही याच शहरात आहे. २००१ साली टॉलीच्या नाल्याकाठच्या वस्त्या उठविण्यात आल्या आणि हजारो माणसे विखुरली. अशा विस्थापनाचा हिशेब आपण मोडलेल्या झोपड्यांच्या संख्येत करतो. परंतु झोपडीबरोबर शेजारही मोडतो, आणि तो नव्या जागी कोणी बांधून देत नाही. क्लीव्हलंडच्या अभ्यासकांनी ज्या अस्थिरतेला जोखमीचा घटक म्हटले ती अस्थिरता येथे सरकारी निर्णयाने निर्माण होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. याच न्यायाने १९७० साली स्थापन झालेल्या कलकत्ता महानगर विकास प्राधिकरणाच्या बस्ती-सुधार कार्यक्रमाचे मोलही निराळ्या दृष्टीने पाहता येते. वस्ती न उठविता तेथेच नळ, संडास, फरसबंद गल्ल्या आणि दिवे देण्याचे ते धोरण होते. आरोग्यासाठी केलेल्या या सुधारणांनी शेजार जागच्या जागी राहू दिला. जवळचा नळ आणि गल्लीतला दिवा हे मुलीच्या सुरक्षिततेचेही साधन आहे.

बंद दारामागचा शेजार

येथवर वाचून जोखीम ही केवळ गरीब वस्तीची बाब आहे असा कोणाचा समज झाला असल्यास तो दूर केला पाहिजे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. त्यांत पश्चिम बंगाल हे एक राज्य होते. मुले पाच परिस्थितींतून निवडली होती : घरी राहणारी, शाळेत जाणारी, संस्थांत राहणारी, कामावर असणारी आणि रस्त्यावर राहणारी. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचे सांगितले आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८९ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. इतके व्यापक प्रमाण एका वर्गाच्या माथी मारता येत नाही.

कोलकात्यातील मध्यमवर्गीय सदनिकांचा विचार या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. घरकामासाठी चोवीस परगणा आणि सुंदरबनच्या गावांतून लहान मुली या सदनिकांत येत राहिल्या आहेत. १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक झाली. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००६ साली पश्चिम बंगालमधील घरकामगार मुलांच्या छळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी मारहाण झाल्याचे सांगितले. अशी मुलगी ज्या इमारतीत राहते तेथे पाणी आहे, वीज आहे, पहारेकरी आहे. नाही ते एवढेच, की तिला नावाने ओळखणारे कोणी नाही. तिची आई शंभर किलोमीटर दूर आहे, तिला शाळा नाही, आणि जिन्यात भेटणारे शेजारी मालकाचे स्नेही आहेत. ओमाहाच्या अभ्यासकांची फूटपट्टी लावली तर संबंधांच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री असे मूल कदाचित शहराच्या सर्वांत सुस्थितीतील भागात सापडेल.

हे ओळखून सियालदह येथील लॉरेटो डे स्कूलने जे केले ते उल्लेखनीय आहे. सिस्टर सिरिल मूनी या १९७९ पासून तेथे मुख्याध्यापिका होत्या. १९८५ साली त्यांनी 'रेनबो' नावाचा उपक्रम आरंभिला. स्टेशनच्या परिसरातील रस्त्यावरची मुले शाळेत येऊ लागली आणि शाळेच्या विद्यार्थिनी वेळापत्रकातील एक काम म्हणून त्यांना शिकवू लागल्या. पुढे याच शाळेच्या मुलींनी आपापल्या परिसरात घरकामाला ठेवलेली मुले हुडकून त्यांच्याशी मैत्री जोडण्याचे काम हाती घेतले. मालकाशी वैर न धरता त्या मुलांना खेळाला, शिक्षणाला वेळ मिळावा असा त्यांचा प्रयत्न असे. ज्या मुलीला शेजार नव्हता तिला तो तिच्याच वयाच्या मुलींनी मिळवून दिला, असे याचे वर्णन करता येईल.

नोंदींचा भरवसा किती?

अभ्यासकाला सर्वांत अधिक चकवा देणारी गोष्ट म्हणजे नोंद. पोलिसांकडे वा बालकल्याण समितीकडे आलेली प्रकरणे नकाशावर मांडली आणि जेथे टिंबे दाट तेथे छळ अधिक, असे म्हटले, तर मोठी चूक होईल. टिंब पडण्यासाठी आधी कोणीतरी पाहावे लागते. पातळ भिंतींच्या बस्तीत मुलाचे रडणे दहा घरांत ऐकू येते; जाड भिंतींच्या घरात ते शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. गरिबांच्या दारी कार्यकर्ता, परिचारिका, पोलीस हे सहज जातात. श्रीमंताच्या दारी त्यांना घंटा वाजवावी लागते. क्लीव्हलंडच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न पडला. १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुढील अभ्यासात त्यांनी ४०० आईबापांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्याकडून छळ घडण्याची शक्यता मोजली. तेव्हा शेजाराचा प्रभाव दिसला खरा, परंतु अधिकृत नोंदींत तो जितका प्रबळ दिसत होता त्याहून बराच क्षीण. म्हणजे नोंदींतील फरकाचा काही भाग हा वागणुकीतील फरक नसून पाहण्यातील फरक होता.

उलटपक्षी, नोंदी थांबल्या म्हणजे छळ थांबला असेही नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी आली. शाळा, अंगणवाड्या, कार्यालये बंद झाली. त्या महिन्याच्या अखेरच्या ११ दिवसांत मुलांसाठी असलेल्या १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर संरक्षण मागणारे ९२,००० हून अधिक संदेश आल्याचे सांगण्यात आले. बाहेरची नजर बंद झाली तेव्हा मुलांच्या हाती राहिले ते एवढेच साधन.

शेजाराची दुसरी बाजू

शेजाराचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. त्या ओळखीच्यांत नातेवाईक असतात, शिक्षक असतात, आणि शेजारीही असतात. घट्ट शेजार मुलाला जसा सांभाळतो तसाच तो अपराधही झाकू शकतो. वस्तीची अब्रू, जातीची अब्रू, क्लबचे वजन, मुलीच्या लग्नाची चिंता, यांपुढे मुलीचा शब्द गिळला जातो. प्रकरण 'आपसांत मिटविणे' हा शब्दप्रयोग अशा वेळी फार भयंकर असतो, कारण जे मिटते ते मुलीचे तोंड.

म्हणून शेजारी एकमेकांना किती ओळखतात, एवढेच मोजणे पुरेसे नाही. ती ओळख कोणाच्या बाजूने वापरली जाते, हे पाहावे लागते. शिकागो येथे रॉबर्ट सॅम्प्सन व सहकाऱ्यांनी ३४३ भागांतील ८,७८२ रहिवाशांना विचारलेले प्रश्न या दृष्टीने मार्गदर्शक आहेत. हा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तुमचे शेजारी किती जण ओळखीचे आहेत, यावर ते थांबले नाहीत. मुले शाळा चुकवून कोपऱ्यावर उभी राहिली तर तुमचे शेजारी काही बोलतील काय, असे त्यांनी विचारले. परस्परविश्वास आणि पुढे होण्याची तयारी या दोहोंच्या संयोगाला त्यांनी सामूहिक सामर्थ्य मानले. आणि जेथे ते अधिक तेथे हिंसा कमी, असे त्यांना आढळले.

भारतातील कायद्यानेही आता शेजाऱ्याला तटस्थ राहण्याची मुभा ठेवलेली नाही. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या अधिनियमानुसार असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे त्याने तो कळविणे बंधनकारक आहे. बालसंरक्षणाच्या केंद्रीय योजनेत प्रभाग पातळीवर समित्यांची तरतूद आहे. कोलकाता महानगरपालिकेचे १४४ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागातील समितीत वस्तीतील बायका, अंगणवाडी सेविका, शाळेतील शिक्षक आणि मुले यांचा आवाज असेल, तर ती शेजाराच्या चांगल्या बाजूला बळ देईल. तेथे केवळ क्लबचे आणि पक्षाचे वजन असेल, तर ती दुसऱ्या बाजूला बळ देईल.

अभ्यासकाने कोणते प्रश्न विचारावेत?

वरील विवेचनावरून वस्तीच्या अभ्यासकासाठी काही प्रश्न निघतात. या वस्तीत आईबाप कामावर असताना मुलांकडे कोण पाहते, आणि एकेका मोठ्या माणसाकडे किती मुले असतात? बिऱ्हाडे किती वर्षे टिकतात? नळ व संडास किती दूर आहेत, आणि तेथवरच्या वाटेवर दिवा आहे काय? आजारी पडलेल्या आईला मूल कोणाकडे ठेवता येते, आणि ते मागताना तिला लाज वाटते काय? शेजारी हात उगारतो तेव्हा त्याला थांबविणारी व्यक्ती कोण, आणि तिचे कोणी ऐकते काय? अत्याचार करणारा वस्तीतील वजनदार माणूस असेल तर मुलाने कोणाकडे जावे? आणि शेवटचा प्रश्न : या वस्तीत अशी मुले किती आहेत की ज्यांना नावाने ओळखणारे कोणी नाही?

हे प्रश्न झोपडीला लागू पडतात तसे सदनिकेलाही लागू पडतात; सियालदहला लागू पडतात तसे शिवाजीनगरलाही. यांची उत्तरे मिळविण्यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. टपालवाला, अंगणवाडी सेविका, किराणा दुकानदार, शाळेतील शिपाई यांना ती बहुधा ठाऊक असतात. मात्र त्या उत्तरांचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे आधी ठरले पाहिजे. एखाद्या वस्तीवर धोकादायक अशी चिठ्ठी डकविणे सोपे असते. तशी चिठ्ठी लागली की ती उठविण्याला एक सबब मिळते, आणि त्या आईच्या मागे जी एक म्हातारी उभी होती तीही नाहीशी होते. तिच्याऐवजी जवळ नळ मिळाला, दिवसभर चालणारे पाळणाघर मिळाले, राहत्या जागेची शाश्वती मिळाली आणि तक्रार ऐकून घेणारे एक विश्वासू माणूस मिळाले, तर तीच वस्ती आपल्या मुलांना सांभाळू शकते. अभ्यासाने शोधावयाचे आहे ते हे, की तेथे मुलासाठी आज कोण उठते, आणि त्याला उठण्याचे बळ कसे देता येईल.